दहा महिन्यांचं बाळ घरात आहे, स्वयंपाकघर सुरक्षित कसं करावं?

तुमचं बाळ आता धरून उभं राहायला लागलंय आणि कपाटांना कुठली लॉक बसवावीत, असं तुम्ही विचारलंय. लॉक जरूर बसवा, पण माझं ऐकाल तर सुरुवात शेगडीपासून आणि गरम पातळ पदार्थांपासून करा. सुरी-कात्री बघून आपण घाबरतो आणि उचलून वर ठेवतो. चहाच्या कपाची मात्र आपल्याला भीती वाटत नाही, म्हणून तो कडेला राहतो. इतकी लहान मुलं आगीच्या ज्वाळेपेक्षा उकळतं पाणी, चहा, दूध, सूप अंगावर सांडूनच जास्त भाजतात. त्यांची त्वचा पातळ असते. ६० अंश सेल्सिअसचं पाणीही काही सेकंदांत खोलवर भाजतं, आणि ओतून १५ मिनिटं झालेला चहासुद्धा बाळाला पोळू शकतो.

म्हणून बाळ कडेवर किंवा मांडीवर असताना गरम काही प्यायचं नाही, ढवळायचं नाही. हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा, पाहुण्यांनाही. संकोच करू नका. टेबलक्लॉथ काही वर्षं घडी करून ठेवून द्या, कारण बाळ तोच धरून उभं राहतं. शक्यतो मागचा बर्नर वापरा, भांड्यांचे दांडे भिंतीकडे वळवा आणि इलेक्ट्रिक किटलीची वायर ओट्यावरून खाली लोंबू देऊ नका. काम झालं की गॅस मुख्य कॉकपासून बंद करा, म्हणजे बाळाने बटण फिरवलं तरी गॅस सुटणार नाही.

शेगडीसमोरची दोन-तीन पावलं जागा मुलांसाठी बंद. तिथे फाटक लावता आलं तर उत्तम. नसेल तर स्वयंपाक होईपर्यंत बाळाला उंच खुर्चीत पट्टा लावून बसवा, शेगडीपासून लांब. माझ्या दोन्ही मुलांना मी शेगडीपासून दूरचा एक खालचा खण देऊन टाकला होता. त्यात प्लास्टिकचे डबे, लाकडी चमचे, झाकणं. ती तिथेच रमायची आणि बाकीच्या कपाटांकडे फारशी फिरकत नसत. तरी हा खण लक्ष ठेवण्याला पर्याय नाही.

आता लॉक. आधी सिंकखालचं कपाट बंद करा. ड्रेन क्लीनर, ब्लीच, भांड्यांच्या मशीनच्या रंगीत गोळ्या हे सगळं तिथून काढून उंचावर कुलपात ठेवलंत तर आणखी चांगलं. ही रसायनं पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीच ओतून ठेवू नका. बाळाच्या पोटात गेलीच तर उलटी करवू नका, वर येताना ती अन्ननलिका पुन्हा जाळतात. तोंड पुसा आणि मूळ बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. खणांनाही लॉक हवंच, उघडे खण मुलं पायऱ्यांसारखे वापरून ओट्यावर चढतात.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: स्वयंपाकातला वजनकाटा किंवा थर्मामीटर. त्यात बऱ्याचदा चपटी गोल बटण बॅटरी असते. गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर तो काटा घरात ठेवूच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी त्रास दिसायची वाट न पाहता थेट रुग्णालयात जा.

पाणी भरलेली बादली खाली ठेवू नका. बाळ तोल जाऊन त्यात डोक्यावर पडतं, आणि बुडायला काही सेंटीमीटर पाणीही पुरतं.

एवढं करूनही भाजलंच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा. कपडे काढा, पण कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, तेल, लोणी काहीही लावू नका. बाकीचं अंग उबदार ठेवा, बाळं पटकन गारठतात. एवढ्या लहान बाळाचं भाजणं छोटं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवाच, आणि चेहरा, हात किंवा जननेंद्रियं भाजली असतील तर पाणी घालून झाल्यावर थेट रुग्णालयात न्या.