आठ म्हणजे आठ

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

चवथ झाल्यावर तुझा फोन आला आणि तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. तालुक्याच्या स्काउट-गाईड कार्यक्रमाची जबाबदारी तुझ्या गळ्यात पडलीय, ७ नोव्हेंबर दारात आहे, मध्ये दिवाळीची सुट्टी, बॅनरवरून दोन ज्येष्ठ मास्तरांचं वाजलंय आणि पाहुणे कोण ते अजून ठरत नाही. मी नुसतं 'बघू, बघू' म्हणत राहिलो. मला फोनवर नीट सुचत नाही, हे तुला सातवीपासून ठाऊक आहे. म्हणून लिहितो.

आधी बॅनरचं मिटवू. वरून आलेल्या इंग्रजी पत्रात डायमंड ज्युबिली आहे म्हणून एकाला हीरक महोत्सव हवा, दुसरा म्हणतो पंच्याहत्तरी म्हणजे अमृत. मराठीत हीरक साठीला आणि अमृत पंच्याहत्तरीला, हे खरंच आहे. इंग्रजीत मात्र पंच्याहत्तरीलाही डायमंड चालतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि असं भांडण कधी संपत नाही. तू 'भारत स्काउट्स आणि गाईड्स : ७५ वर्षे' एवढंच छाप. कापडही कमी लागेल.

पण ही पंच्याहत्तर वर्षं कसली, ते मुलांना धड कळू दे. नाहीतर आपल्याकडे दर समारंभात 'या थोर चळवळीने' असं सुरू होतं आणि मुलं मागे एकमेकांच्या स्कार्फला गाठी मारत बसतात. १९०९ साली बंगळुरूला पहिलं पथक निघालं तेव्हा आपल्या देशातल्या मुलांना तिथे दार बंद होतं. म्हणून १९१६ मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासला वेगळी संघटना काढली, १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची पथकं उभी केली. घरात घेत नाहीत तर आपलं घर बांधू, असा तो प्रकार. पुढे स्वातंत्र्य आलं, चुली एक झाल्या आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाईड्स हे नाव लागलं.

त्या दिवशी आपण गोंयकार कुठे होतो, हाही प्रश्न विचार. पणजीवर तेव्हा पोर्तुगीज बावटा होता. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ उजाडायला अजून अकरा वर्षं होती. आपल्या गावात ही पंच्याहत्तर वर्षं सगळी भरत नाहीत, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. मी पहिल्यांदा स्कार्फ घातला तेव्हा मुक्तीला सात-आठ वर्षं झाली होती. माझ्या आईला तो गळ्यातला रुमाल वाटला आणि तिने तो धुऊन, घडी घालून बाबांच्या खिशात ठेवला. बाबा दिवसभर बाजारात त्याला घाम पुसून आले. तुझ्या तालुक्यात अशी म्हातारी माणसं अजून असतील. त्यांना शोधायचं काम एका पॅट्रोलला, म्हणजे मुलांच्या एका तुकडीला दे. शाल-श्रीफळ राहू दे; मुलांनी त्यांच्या पडवीत बसून दोन तास ऐकावं आणि लॉगबुकात लिहून आणावं.

आणि मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांग. ५० सालच्या नोव्हेंबरात एकत्र आले ते मुलगे. गाईड्स या संस्थेत आल्या १५ ऑगस्ट १९५१ ला. म्हणजे त्यांची पंच्याहत्तरी पुढच्या स्वातंत्र्यदिनाला. त्या दिवशी झेंडा तसाही चढवायचाच आहे, तेव्हा तुझ्या गाईड्सना तुमचा वेगळा वाढदिवस करा म्हणून आत्ताच सांगून ठेव. मुलींनी ही जागा तशीही मागून घेतलेली नाही. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काउटांचा पहिला मोठा मेळावा भरला, तिथे काही मुली बोलावणं नसताना गणवेश करून हजर झाल्या. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलना त्यांच्याकडे बघावंच लागलं, आणि वर्षभरात गर्ल गाईड्स निघाल्या.

आता मुख्य गोष्टीवर येतो. तू फोनवर कामांची यादी वाचून दाखवलीस : मंडपवाला, माईकवाला, नाश्त्याचं कंत्राट, स्वागतगीत शिकवायला संगीत शिक्षिका, कमानीसाठी फ्लेक्सवाला. मी कान देऊन ऐकत होतो की यात पोरांच्या वाट्याला काय आलं. उन्हात उभं राहायचं, एवढंच आलं.

महिन्याभरात तुझ्या वाड्यावर दिवाळीचा नरकासुराचा पुतळा उभा राहायला लागेल. बघ जाऊन. बांबू कोण आणतो, गवत कुणाच्या शेतातलं, वर्गणीची वही कुणाकडे, खळ कोण शिजवतो, मुखवटा कुणाच्या हाताला जमतो, रात्री राखण कोण करतो. हे सगळं बारा-चौदा वर्षांची पोरं ठरवतात. मास्तर नाही, कॅप्टन नाही, परिपत्रक नाही. दोन माणसं उंच सांगाडा सुतळीने असा आवळतात की पहाटे गावभर मिरवला तरी गुडघ्यात मोडत नाही. (त्या लाऊडस्पीकरचं मात्र काहीतरी करायला हवं. माझं वय झालंय, छाती धडधडते.) चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतानाही तेच. केवणीचा दोर, त्याला कांगला, माट्टूळ अशी रानफळं, नारळाची पेंड, आणि वजन कुठे पडतं हे घरातल्या पोराला हाताने कळतं. आणि हीच पोरं शाळेच्या मैदानात आली की आपण त्यांना क्लोव्ह हिचची गाठ फळ्यावर काढून दाखवतो!

तेव्हा कमान पोरांना बांधू दे. काठ्या आणि सुतळी द्यायची आणि आदल्या दुपारी बाजूला व्हायचं. कोयत्याजवळ एक मोठं माणूस असू दे, तेवढं सोडू नकोस. बाकी कमान थोडी डावीकडे झुकली तर झुकू दे. पाहुणे तिच्याखालूनच येतील.

इंग्लंडच्या ब्राउन्सी बेटावर १९०७ च्या ऑगस्टात स्काउटांचं जे पहिलं शिबिर झालं, त्यात काय होतं? वीस मुलगे, आठ दिवस. अर्धे श्रीमंतांच्या नामांकित शाळांतले, अर्धे आसपासच्या गावांतल्या कष्टकऱ्यांच्या घरचे. बेडन पॉवेलने त्यांची सरमिसळ करून चार पॅट्रोल केले : लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू. हा कर्ल्यू म्हणजे लांब वाकड्या चोचीचा पक्षी, हिवाळ्यात आपल्या खाजणांतही उतरतो. प्रत्येक पॅट्रोलचा म्होरक्या एक मुलगाच, आणि आपल्या पोरांची जबाबदारी त्याचीच. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन घरची मुलं एका तंबूत झोपवणं सोपं नव्हतं. आपल्याकडे सोपं आहे का? तुझ्या मेळाव्याला कॉन्व्हेंटची मुलं येतील, सरकारी मराठी शाळेची येतील. दरवेळी काय होतं, तुला माहीत आहे. शाळेच्या पाटीमागे शाळा उभी राहते, कॉन्व्हेंटचे बूट इकडे, आपले कॅनव्हास तिकडे, आणि संध्याकाळी बसमध्ये बसताना कुणाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. गेटवरच पाट्या काढून घे. प्रत्येक पॅट्रोलात चार शाळा मिसळ. शिक्षक कुरकुरतील, हजेरी कशी घ्यायची म्हणतील. पॅट्रोल लीडरला घेऊ दे की हजेरी.

ब्राउन्सीला सकाळी कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचं वळणदार शिंग फुंकून उठवायचे. तुझ्याकडे साखळीकडची पोरं आहेत ना? पालखीपुढे शिंग वाजवणाऱ्या घरचा एखादा निघेल. रेकॉर्ड केलेलं बिगुल कशाला हवं?

सेवाकार्यात 'स्वच्छता अभियान' लिहिलंयस. लिहायला सोपं, म्हणून मीही वर्षानुवर्षं तेच लिहिलं. वीस झाडू, एक कोपरा, एक फोटो, आणि दुसऱ्या दिवशी कचरा जिथला तिथे. त्यापेक्षा नोव्हेंबर आहे, पाऊस सरलेला, व्हाळाला, म्हणजे ओढ्याला अजून पाणी, बंधारा घाला. पंचायतीला आणि ज्याच्या कुळागराला, बागायतीला पाणी चढणार त्याला आधी विचार. रिकाम्या सिमेंटच्या गोणी मिळतात. वाळू-माती तीन हिश्श्यांत दोन हिस्सेच भरायची; ठासून भरली तर गोण दगडासारखी गोल राहते, एकमेकींवर बसत नाही आणि फटींतून पाणी निघून जातं. सैल गोण पसरते, सांधा धरते. विटांसारखा सांधा चुकवत थर लावायचे. हे पोरांना आधी सांगू नकोस. पहिला थर ठासून भरलेल्या गोण्यांचा घालू दे, पाणी गळताना बघू दे, मग सांग.

आता पाहुणे. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो.

१ ऑगस्ट २००७, बुधवार. स्काउट चळवळीला शंभर वर्षं. प्रत्येक देशात तिथल्या घड्याळाने सकाळी आठला सगळ्यांनी स्काउटचं वचन पुन्हा घ्यायचं, असं ठरलेलं. म्हणजे सूर्य पुढे सरकेल तसं वचन देशादेशांतून पुढे जाणार. मला ती कल्पना इतकी आवडली होती की आठवडाभर मुलांना पृथ्वीचा गोल फिरवून दाखवत होतो. आता जपानची मुलं म्हणाली, आता थायलंडची, आता आपली पाळी. तुझी बॅच त्यानंतरची, म्हणून तुला हे ठाऊक नाही.

सातपासून मुलं मैदानात. पाऊस थांबून थांबून येत होता. साडेसातला निरोप आला, पाहुणे निघालेत. पावणेआठला परत तोच निरोप. आठला पाच मिनिटं कमी असताना पुढच्या रांगेतला सहावीतला एक मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या हातात काकाने दुबईहून आणलेलं घड्याळ होतं, मनगटाला सैल, म्हणून त्याने ते कोपराकडे वर ओढून ठेवलं होतं. आठ वाजले. त्याने हात वर केला आणि म्हणाला, "सर, वाजले." मी त्याला हाताने खाली बस अशी खूण केली. तो उभाच होता, बसणार कुठे? बुटांत पाणी गेलेलं. आठ वाजून दोन मिनिटांनी तो पुन्हा म्हणाला, "सर, आमचे आठ गेले." मी त्याच्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर.

पाहुणे सव्वानऊला आले. भले गृहस्थ होते, वाटेत झाड पडलं होतं म्हणाले. त्यांचा काही दोष नाही. वचन झालं, भाषणं झाली, वर्तमानपत्रात फोटोही आला. तो मुलगा पुढच्या आठवड्यात नेहमीसारखा आला, दोन वर्षं टिकला, तृतीय सोपानाची परीक्षाही झाली त्याची. पण मला त्याने नंतर कधी काही आठवण करून दिली नाही. 'तयार' हे स्काउटचं ब्रीद मी फळ्यावर रोज लिहीत होतो, आणि मैदानात तयार होता तो एकटाच.

पाहुण्यांना जरूर बोलाव, मानाने बोलाव. पत्रात वेळ लिही आणि खाली स्वच्छ लिही की ध्वजारोहण आठला होईल, आपण नंतर आलात तरी मुलं बंधाऱ्यावर भेटतील. एकदोघांना राग येईल. तुझ्या मुख्याध्यापकांना घाम फुटेल. त्यांना हे पत्र दाखव हवं तर. म्हाताऱ्याच्या नावावर खपून जातं. आणि झेंडा पाहुण्यांनीच चढवला पाहिजे असं नाही. राज्य पुरस्कार मिळवलेली एखादी गाईड असेल तर तिच्या हातात दोरी दे.

लहानसहान राहिलं : स्तंभाची पुली आदल्या दिवशी तेल घालून बघ, पावसाळ्यात गंजलेली असते. झेंड्याची घडी मुलांकडून दहा वेळा घालून घे. नाहीतर दोरी ओढली की गाठ सुटण्याऐवजी आवळते आणि मग खालून सगळे बघत राहतात. नाश्त्याला डब्यातली पाकिटं नकोत, पाव-भाजी आणि घरून आणलेली ताटली, धुणं ज्याचं त्याने. शेकोटीला सिनेमाची गाणी लावून नाचणार असतील तर एक लाव, मग फुगडी आणि घुमटाचं वादन आपोआप येईल. भाषणाला पाच मिनिटं, मलाही.

हो, मी येणार आहे. वाळपईहून सकाळची कदंब बस धरली तर होंडा, साखळी करत वेळेत पोचायला हरकत नाही. पण तिचा भरवसा नाही, कधी साखळीला पंधरा मिनिटं उभीच असते. स्कार्फ धुऊन ठेवलाय. मला उशीर झाला तर थांबू नकोस, मी मागच्या रांगेत उभा राहीन.

तुझा,
सर