अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, मग घरातून पहिल्यांदाच पदवीला आलेल्या मुलांसाठी प्राध्यापकाच्या हातात नेमकं काय उरतं?

तुम्ही लिहिलंय की यंदाच कॉलेजात रुजू झालात. प्रथम वर्षाच्या वर्गात निम्मी मुलं घरातली पहिलीच कॉलेजात आलेली, त्यात आदिवासी पाड्यांवरची बरीच. आरक्षणामुळे प्रवेश मिळतो, पण दुसऱ्या सत्रापर्यंत ती मागच्या बाकावर सरकतात आणि मग येईनाशी होतात. अशा वेळी एकट्या शिक्षकाने काय करावं, हा तुमचा प्रश्न.

मी खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, वीसेक वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय. अभ्यासक्रमाला हात लावायचा अधिकार मलाही नाही. पण उदाहरण कुठलं घ्यायचं, चाचणी कधी ठेवायची, गणित एकट्याने सोडवायचं की चौघांनी, हे मीच ठरवतो. आणि मुलं गळतात तीही बहुतेक तिथेच.

संभाव्यतेचं पहिलं प्रकरण घ्या. पुस्तकातलं ठरलेलं गणित: ५२ पत्त्यांतून एक ओढला तर तो 'फेस कार्ड' असण्याची संभाव्यता किती? पहिल्या बाकावरची एक मुलगी, बारावीला गणितात चांगले गुण मिळवलेली, कोरी वही पुढ्यात घेऊन बसलेली. विचारलं तर म्हणाली, "सर, आमचं घर माळकरी. पत्त्यांना हात लावलेला चालत नाही." फेस कार्ड म्हणजे कुठले आणि गठ्ठ्यात ते किती, हे तिला कुठून ठाऊक असणार? मागच्या बाकावर एक पोरगा होता, गावात पारावर रोज पत्ते कुटणारा. तोही गप्प. त्याच्याकडे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळं होतं, पण 'स्पेड' आणि 'सूट' त्याने कधी ऐकलेलं नव्हतं. मी म्हटलं, "गुलाम, राण्या आणि राजे मिळून किती रे?" "बारा," तो लगेच म्हणाला. मग बावन्नात बारा, झालं गणित. दोघं अडले वेगवेगळ्या कारणांनी, आणि दोन्ही कारणांचा संभाव्यतेशी काडीचा संबंध नव्हता. मी मात्र तोवर कितीतरी वर्षं हेच गणित पेपरात घालत होतो आणि असल्या मुलांच्या नावापुढे 'पाया कच्चा' असा शेरा ठोकत होतो.

दुसऱ्या दिवशी घरून चिंचोक्यांची पिशवी नेली. चाळीस चिंचोके, त्यातले दहा चुन्यात बुडवून पांढरे केलेले. पत्त्यांचं गणितही शिकवतोच, कारण विद्यापीठाच्या पेपरात ते येतं; पण आधी गठ्ठा टेबलावर पसरून दाखवतो. पाच मिनिटं लागतात.

आता माझी मोठी चूक सांगतो, कारण तीच तुमच्याकडूनही होण्याचा संभव आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या वगैरे मुलांसाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, रिमेडियल कोचिंगची (मागे पडलेल्यांसाठी जादा वर्गांची) योजना होती. मी उत्साहाने नावांची यादी काढून नोटीस बोर्डावर डकवली. पहिल्या दिवशी तीन जण आले. आठवड्याने खोलीत मी आणि खुर्च्या पुसणारा शिपाई. पुढे एका मुलानेच सांगितलं, "सर, त्या यादीत नाव आलं की वर्गात आम्ही ढ ठरतो." खरंच होतं ते. योजना चांगल्या हेतूची, पण मी तिचा फलक करून मुलांच्या गळ्यात अडकवला होता.

त्याच सुमारास यूरी ट्राइसमन या अमेरिकन गणितज्ञाचं काम वाचनात आलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७०च्या दशकात कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत. सहकारी म्हणायचे, तयारी कमी, जिद्द कमी, घरचं पाठबळ नाही. हा माणूस मुलं अभ्यास कशी करतात ते प्रत्यक्ष पाहायला गेला. ती मेहनती होती, पण एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं मात्र गटाने बसत, एकमेकांची उत्तरं तपासत, अडलं की एकमेकांना विचारत. मग त्याने उजळणीचे वर्ग न घेता उलट जास्त अवघड गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. गुण वाढले.

मी तेच उचललं. यादी फाडली. 'गणिताचा कट्टा' असं नाव दिलं, सगळ्यांना खुला, आणि गणितं परीक्षेपेक्षा वरची. चौघांचा गट मीच पाडतो, नाहीतर शहरातली एकीकडे आणि वसतिगृहातली दुसरीकडे होतात. पहिले दोन आठवडे कोणी तोंड उघडत नाही, तेव्हा धीर सोडू नका.

गटात बोलायची भाषा कुठलीही चालते. आमच्याकडे बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत असली तरी शिकवणं मराठीतून झालेलं असतं, म्हणून लोक म्हणतात मराठीत शिकवा, प्रश्न मिटला. पण सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मुलाची घरची भाषा पावरी किंवा भिलोरी. मराठी त्यानेही शाळेतच शिकलेली असते. माझ्या वर्गात मांडामांड पावरीत, अहिराणीत होते आणि शेवटचं उत्तर इंग्रजीत लिहिलं जातं. मला अर्धं कळत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

तारखांचंही तसंच. एका वर्षी मी अंतर्गत चाचणी ऐन होळीच्या आठवड्यात ठेवली. कॅलेंडरात सुट्टी एका दिवसाची. सातपुड्यात होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, मग काठी गावची राजवाडी होळी, मग गावोगावच्या. नवस फेडायला बुध्याचा, म्हणजे होळीत नाचणाऱ्याचा, वेश घेतलेला पोरगा कंबरेला घुंगरं बांधून नाचत असताना मी इथे त्याच्यापुढे 'गैरहजर' लिहीत होतो. दिवाळीनंतर कित्येक घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा धाकट्यांना सांभाळायला घरी राहतो तोही हाच कॉलेजातला. आता मी तीन चाचण्या घेतो आणि त्यातल्या चांगल्या दोन धरतो. विभागप्रमुखांना एक पानाचं पत्र दिलं, त्यांनी सही केली. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. आम्ही प्रॅक्टिकल तीन ते पाच ठेवतो आणि पाड्याकडची शेवटची एसटी त्याआधीच सुटलेली असते! तेवढं बदलायला मला प्राचार्यांशी दोन वर्षं भांडावं लागलं.

बाकी किरकोळ. भर वर्गात "स्कॉलरशिपवाले हात वर करा" म्हणू नका. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती-अर्जाची तारीख सगळ्या वर्गाला एकाच संदेशात कळवा. हजेरी आडनावाने घेऊ नका, नावाने घ्या. आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर सगळ्यांकडे असेल असं धरून चालू नका. आम्ही विभागात पंधरा घेऊन ठेवलेत, वही दाखवून कोणीही नेतो. दोन आजवर परत आलेले नाहीत, ते मी हिशोबात धरूनच चालतो.

चिंचोके वापरणार असाल तर पावसाळ्यात त्यांना कीड लागते. मी आता शर्टाची बटणं वापरतो.