गेममध्ये रेस निवडताना तिचा देवधर्म बघावा का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन फँटसी गेममधल्या रेसच्या, म्हणजे खेळाडू निवडतो त्या वंशांच्या, संस्कृती, त्यांचे देव, त्यांच्या समजुती ही नुसती सजावट असते का, आणि नव्याने खेळणाऱ्याने ते सगळं वाचून मग रेस निवडावी की सरळ कुणाची रेशियल, म्हणजे त्या रेसलाच मिळणारी खास शक्ती, जास्त कामाची ते बघावं.

वाचूनच निवडावी. आणि एकदा निवडली की चार आकड्यांसाठी सोडू नये. याच प्रश्नावरून 2010 साली माझं घरातल्याच माणसाशी भांडण झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये माझं पात्र म्हणजे एक ड्रेनाय प्रीस्ट (पुजारीण) होती. ड्रेनाय ही रेस 2007 मध्ये बर्निंग क्रुसेड या विस्तारभागाबरोबर आली. निळी कातडी, खूर, शेपटी, बोलण्यात जड हेल. बहुतेकांनी दिसण्यावरून घेतली. मी सुरुवातीच्या क्वेस्टचा (कामगिऱ्यांचा) मजकूर वाचत बसलो आणि तिथेच अडकलो. हे लोक मूळचे आर्गस नावाच्या जगातले. सार्गेरास नावाच्या खलनायकाने त्यांच्या तीन पुढाऱ्यांना अफाट शक्ती देऊ केली. आर्किमॉन्ड आणि किलजेडन हो म्हणाले, वेलेन नाही म्हणाला. जे वेलेनच्या मागे उभे राहिले त्यांना राहतं जग सोडावं लागलं. नारू म्हणजे प्रकाशाचेच बनलेले जीव, त्यांनी या लोकांना जहाजातून बाहेर काढलं. पुढे ड्रेनॉर नावाच्या जगावर स्थिरावले, तर तिथे ऑर्कांनी कत्तल केली. पुन्हा पळाले, आणि एक्झोदार नावाचं त्यांचं जहाज ॲझरमिस्ट बेटावर कोसळलं. तुमचा खेळ त्या अवशेषांत सुरू होतो. त्यांच्या भाषेत ‘ड्रेनाय’चा अर्थच परागंदा झालेले असा आहे.

आता तिथल्या पहिल्या काही क्वेस्ट बघा. एक जखमी ड्रेनाय जमिनीवर पडलेला असतो आणि त्याच्यावर ‘गिफ्ट ऑफ द नारू’ वापरायचं असतं. हीच तुमची रेशियल. म्हणजे ही शक्ती तुम्ही पहिल्यांदा वापरता ती कुणाला मारायला नाही, आपलं माणूस उठवायला. शिवाय जहाजाच्या फुटलेल्या स्फटिकांनी बेटावरची झाडं नि जनावरं बिघडलेली असतात. ते निस्तरणंही तुमच्याच वाट्याला येतं. दुसऱ्याच्या जमिनीवर येऊन पडलो, आपल्यामुळे तिचं नुकसान झालं, ते आधी भरून द्यायचं, मग पुढचं. या लोकांचा धर्म काय, ते अर्ध्या तासात हाताने करून कळतं.

आमचं घर गोव्यातल्या प्रियोळचं. कुलदैवत श्रीमंगेश. मूळ देऊळ इथलं नव्हे, कुशस्थळीचं, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचं. 1560 मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन आली त्याच वर्षी, लोकांनी लिंग उचललं आणि अघनाशिनी, म्हणजे झुआरी, ओलांडून प्रियोळला आणलं. फोंड्याचा हा मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला. वडिलांबरोबर लहानपणी मडगावला जाताना झुआरीचा पूल संपून कुठ्ठाळी आली की ते बसमध्ये बसल्या बसल्या हात जोडायचे. कुणाला जोडता, असं विचारायची वेळ आमच्यावर कधी आली नाही. असं घर असलेल्या मुलाने ॲझरमिस्टवरचा मजकूर वाचला तर त्याला काय वाटेल ते तुम्हीच ठरवा.

तर भांडण. माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणतो. गेम मला त्यानेच दाखवला. त्याचा ड्रेनाय पॅलाडिन (धर्मयोद्धा), माझी ड्रेनाय प्रीस्ट, आम्ही दोघं मिळून दोनास दोन अरीना, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंशी लढती, खेळायचो. सर्व्हर युरोपचा. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे थंडीत आपले साडेबारा. सकाळी मला कॉलेज, त्याला नोकरी, तरी बसायचो. रेटिंग पंधराशेच्या पुढे सरकत नव्हतं. रोग (Rogue, छुपा मारेकरी) आणि मेज (Mage, जादूगार) यांची जोडी समोर आली की आमचं ठरलेलं: रोगचा किडनी शॉट, म्हणजे जखडून टाकणारा वार, माझ्यावर, मी ट्रिंकेट (सुटका करणारी वस्तू) वापरून सुटायचो, लगेच मेज मला मेंढी करायचा, आणि तेवढ्यात दादा मेलेला असायचा.

ज्यांनी रॅथ ऑफ द लिच किंग, म्हणजे गेमचा तेव्हाचा विस्तारभाग, खेळलंय त्यांना पुढचं माहीत आहे. त्या काळात माणसांना ‘एव्हरी मॅन फॉर हिमसेल्फ’ ही रेशियल होती. दर दोन मिनिटांनी कुठल्याही जखडणीतून सुटका, ट्रिंकेट न लावता. म्हणजे ट्रिंकेटची एक जागा मोकळी, तिथे दुसरं काहीतरी जोरदार लावा. 2009 च्या ऑक्टोबरात पैसे भरून रेस बदलायची सोय सुरू झाली आणि अरीनात बघावं तिकडे माणसंच माणसं दिसायला लागली.

माघात मंगेशाची जत्रा असते. दादा जत्रेला आमच्याकडे राहायला आला होता. रथ बघून आम्ही उशिरा घरी परतलो, जेवलो, आणि त्याने लॅपटॉप उघडला. त्याचा पॅलाडिन माणूस झालेला. निळी कातडी नाही, खूर नाहीत, माणसांच्या स्टॉर्मविंड शहराच्या बाजारात उभा. दादा मला म्हणाला, “तूही कर. मी भरतो पैसे. दोघं माणूस झालो की रोग-मेज काय करतात बघू.”

मी नाही म्हटलं. त्याला खरंच कळेना की का. लाइट म्हणजे त्या जगात पुजला जाणारा प्रकाश, कोकणीत उजवाड. तो म्हणाला, “ड्रेनाय लाइटलाच मानतात, माणसंही लाइटलाच मानतात. उजवाड तो उजवाडच मरे! कितें फरक पडटा?”

मला तेव्हा नीट बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, “आत्ता जिथून आलास तो देव नदी ओलांडून का आणला होता मग?” तो म्हणाला, तो इतिहास आहे आणि हा गेम आहे, दोन्हींची खिचडी करू नकोस. आई आतून ओरडली की झोपा. दुसऱ्या दिवशी तो गेला. आम्ही पुन्हा एकत्र अरीना खेळलो नाही.

तेव्हा जे सुचलं नाही ते आता लिहितो. लाइट एकच असला तरी त्याच्याशी असलेलं नातं एक नाही. माणसांचा लाइट कॅथेड्रलमध्ये असतो. त्याला चर्च आहे, बिशप आहेत, सद्गुणांची शिकवण आहे. माणूस तिथे जातो, घेतो, परत येतो. ड्रेनायांच्या एक्झोदारमध्ये मात्र मधोमध ओरोस नावाचा नारू स्वतः होता (पुढे लीजन विस्तारभागाच्या कथेत तो मारला जातो). पळताना नारूच बरोबर होते, कोसळताना बरोबर होते. त्यांच्या प्रीस्टला अँकराइट म्हणतात, पॅलाडिनला व्हिंडिकेटर. हे हुद्दे त्या पळण्याच्या हजारो वर्षांतून आलेत. आणि शक्तींची नावंच शेजारी ठेवून वाचा ना. एकीकडे ‘नारूंचं देणं’, जे दुसऱ्यालाही देता येतं. दुसरीकडे ‘ज्याने त्याने आपलं बघावं’. दादाने पहिली टाकून दुसरी घेतली आणि मला विचारलं की फरक काय पडतो.

बाकीच्या गेमबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही एकाच गेमबद्दल विचारलेलं नाही. गिल्ड वॉर्स 2 मध्ये (2012) माणूस बनवताना सहांपैकी कुठल्या देवाचा आशीर्वाद आहे ते विचारतात, नॉर्न या रेसला त्याचा प्राणी-आत्मा विचारतात: अस्वल, लांडगा, कावळा की हिमबिबट्या. ‘चार’ (Charr) नावाची रेस तर देवच नाकारते, कारण त्यांच्याच शामनांनी खोटे देव त्यांच्या माथी मारले होते. लिहिलंय उत्तम. पण रेसच्या शक्ती मुद्दाम कमजोर ठेवल्यात, आकड्यांसाठी कुणी रेस बदलू नये म्हणून. भांडण टळतं हे खरं, पण श्रद्धा हाताला लागत नाही. फायनल फँटसी 14 मध्ये मिकोटे या रेसचे दोन गट आहेत, एक सूर्याच्या अझेमाचा, एक चंद्राच्या मेनफिनाचा. पण तिथे फँटासिया नावाची बाटली प्यायलात की रेस बदलते आणि कुणाला काही वाटत नाही.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनवर (2014) माझा राग आहे. त्यातल्या बॉस्मरांचा, म्हणजे वन-एल्फांचा, ग्रीन पॅक्ट (जंगलाशी केलेला करार) ही कुठल्याही गेममधली मला सर्वात आवडलेली कल्पना. त्यांच्या वॅलनवूडमध्ये झाडाचं पानही तोडायचं नाही, फक्त मांस खायचं, इतकं की मारलेला शत्रूसुद्धा तीन दिवसांत खाऊन संपवायचा. आमच्याकडे सत्तरीत देवाच्या राई आहेत, तिथली काटकी उचलायला आजही लोक कचरतात, म्हणून मला हे लगेच उमजलं. आणि तुम्ही बॉस्मर घेऊन त्याच वॅलनवूडमध्ये रस्त्याकडेची फुलं अल्केमीसाठी खुशाल तोडू शकता! कुणी अडवत नाही, शिक्षा नाही, नापसंतीचा एक शब्द नाही. खजित या मांजरासारख्या रेसचंही तसंच. जन्माच्या वेळी दोन चंद्र कुठल्या कलेत होते त्यावर घरातल्या मांजराएवढा होणार की सेंचे या प्रकारासारखा आडदांड, हे ठरतं. किती सुंदर! पण खेळाडूला एकच प्रकार मिळतो.

सगळ्यात चांगलं जमलंय ते झंडलारी ट्रोलांचं, वॉरक्राफ्टमध्येच, 2019 मध्ये खेळायला मिळाले ते. त्यांचे लोआ, म्हणजे देव, असतात, प्रत्येकाचं काहीतरी मागणं असतं. त्यांचा राजा रास्ताखान मृत्यूच्या लोआशी, ब्वॉन्साम्डीशी, करार करतो आणि त्याचं ओझं मुलीच्या डोक्यावर जातं. आणि खेळाडूला खरोखर सहांपैकी एक लोआ निवडावा लागतो. बदलायचा तर त्या त्या लोआच्या वेदीपाशी जावं लागतं. लोक याला रानटी धर्म म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. आमच्या गावच्या राखणदार देवाला रोट (जाड भाकरी), सोरो (दारू) आणि विडी ठेवतात आणि त्या बदल्यात तो रात्री वेस राखतो. घेणं आणि देणं दोन्ही उघड, त्यात रानटी काय आहे?

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक म्हणजे, कुठ्ठाळीला मागे राहून ख्रिश्चन झाले त्यांनी दादासारखं केलं, असं मी म्हणत नाहीये. त्यांच्यापुढे घर-जमिनीचा प्रश्न होता, अरीनाच्या रेटिंगचा नव्हता. आणि तुटलेलंही सगळं तुटत नाही. शिरगावच्या लईराई देवीची एक बहीण मिराबाय म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण (मेरीमाता) झाली अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि तिच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. वॉरक्राफ्टमध्येही हे आहे. नाइट एल्फ ज्या चंद्राला एलून म्हणतात त्याच चंद्राला टॉरेन मुशा म्हणतात, धरतीमातेचा एक डोळा. एकमेकांच्या विरुद्ध बाजूला असून दोघांचे ड्रुइड (निसर्गपूजक) मूनग्लेड नावाच्या जागी एकत्र बसतात. म्हणजे एक देव दोन नावांनी असू शकतो, दादाचं तेवढं बरोबर होतं. फक्त तो त्यासाठी रेस बदलत नव्हता.

दुसरं, लाइटही निष्कलंक नाही. 2017 मध्ये आर्गसवर झेरा नावाची नारू इलिडन नावाच्या योद्ध्यावर जबरदस्तीने प्रकाश लादायला जाते आणि तो तिला नष्ट करतो. ते बघून मला दोन दिवस वाईट वाटत होतं. तरी कॅरेक्टर ड्रेनायच ठेवलं.

तेव्हा तुम्ही ड्रेनायपासून सुरुवात करा. क्वेस्टचा मजकूर पुढे ढकलू नका, जखमी माणसाला उठवायची क्वेस्ट सावकाश करा. अरीनाच खेळायची असेल तर आजचे आकडे दुसऱ्या कुणाला विचारा, माणसांची ती शक्ती पुढे बरीच बोथट केली गेली. दादा ज्यासाठी गेला ते राहिलंसुद्धा नाही.

आणि दादा, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. माझी प्रीस्ट एक्झोदारमध्ये ओरोसच्या जागेपाशी उभी आहे. तिथे माणसांनाही येता येतं. ये एकदा.