जड ड्रॅग गाडीला पुढची स्प्रिंग किती मऊ असावी?

सरळ पट्ट्यावर शर्यत लावायच्या (ड्रॅग) गाडीला पुढे कुठली स्प्रिंग घेऊ, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही दिलेली माहिती अशी: गाडी ड्रायव्हरसकट १७०० किलो, त्यातलं ५५ टक्के वजन पुढे, लोखंडी ब्लॉकचं व्ही-८, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म), मागे ड्रॅग रेडियल (ड्रॅगसाठीचे रेडियल टायर), सुटल्यावर पहिले ६० फूट १.६ सेकंदांत. स्प्रिंगचे दोन पर्याय आहेत, ४.५ किलो/मिमी आणि ६.२५ किलो/मिमी, म्हणजे साधारण २५० आणि ३५० पाउंड प्रति इंच. आणि जो तो सांगतोय की मऊ घे, नाक जास्त उचलेल आणि वजन मागच्या चाकांवर जाऊन पकड वाढेल. माझं मत आधीच सांगतो: ६.२५ वाली घ्या. कारणं खाली देतोय. व्हीलबेस आणि गुरुत्वमध्याची उंची मी अंदाजे धरली आहे, तुमचे आकडे घालून हिशोब पुन्हा करा.

पहिली गोष्ट, मऊ स्प्रिंगमुळे वजन मागे जातं हा समज अर्धवट आहे. किती वजन मागे जाणार हे गाडीचं वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस या चार गोष्टींवर ठरतं. उंची ०.५ मीटर, व्हीलबेस २.७५ मीटर आणि १.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट प्रवेग) धरला (१.६ च्या ६० फुटांत सरासरी १.१ जीच्या आसपास येतो, सुरुवातीचा झटका त्याहून जास्त), तर १७०० × १.२ × ०.५ ÷ २.७५, म्हणजे साधारण ३७० किलो. स्प्रिंग कुठलीही लावा, हा आकडा फारसा हलत नाही. नाक १०० मिमी वर गेलं आणि मागची बाजू खाली बसली नाही, तर गुरुत्वमध्य जेमतेम ५५ मिमी वर जातो, म्हणजे दहा-अकरा टक्के जास्तीचं वजन मागे. फायदा आहेच, पण लोक सांगतात तेवढा नाही. स्प्रिंगने ठरतं ते नाक किती उचलेल आणि ते शेवटी कुठे जाऊन थांबेल.

आता तुमची गाडी. पुढच्या एका चाकावर ४६७ किलो. त्यातून चाक, ब्रेक, हब वगैरेचे ४५-४७ किलो वजा केले की स्प्रिंगवर टेकलेलं वजन ४२० किलो. तुमची स्प्रिंग लोअर आर्मवर, चाकापासून बरीच आत बसते. मोशन रेशो, म्हणजे चाक १ मिमी हललं तर स्प्रिंग किती मिमी दबते, तो ०.५५ धरू. तेव्हा स्प्रिंगवरचा खरा भार ४२० ÷ ०.५५ = ७६४ किलो. चाकापाशी मात्र स्प्रिंगचा ताठपणा रेशोच्या वर्गाने कमी होतो: ४.५ वालीचा १.३६ किलो/मिमी, ६.२५ वालीचा १.८९. स्ट्रट (चाकाजवळ उभा बसणारा स्प्रिंग-शॉकचा खांब) असता तर रेशो एकाच्या जवळ आला असता आणि हेच आकडे पार वेगळे निघाले असते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीतल्या स्प्रिंगचा नंबर विचारून काही हाती लागत नाही. रेशो स्वतः मोजा. स्प्रिंग काढा, चाक ५० मिमी वर घ्या आणि स्प्रिंगची बैठक तिच्या अक्षाच्या दिशेने किती सरकली ते बघा.

लॉन्चला, म्हणजे गाडी सुटताना, प्रत्येक पुढच्या चाकावरून १८५ किलो उतरतात. ६.२५ वर नाक ९८ मिमी उचलेल, ४.५ वर १३६ मिमी. राइड हाइटपासून (गाडी नुसती उभी असतानाच्या उंचीपासून) खाली चाकाला किती प्रवास शिल्लक आहे? अशा बहुतेक सस्पेन्शनमध्ये तो १०० मिमीच्या आसपास असतो. म्हणजे ४.५ वालीला जो जास्तीचा उचल द्यायचा आहे त्याला जागाच नाही. नाक वर जाता जाता सस्पेन्शन टोकाला अडकणार, चाकांचं वजन झटक्यात बॉडीला लोंबणार आणि तो दणका मागच्या टायरपर्यंत पोचणार. ट्रॅव्हल लिमिटर (सस्पेन्शनचा प्रवास आधीच अडवणारा भाग) लावून मुद्दाम नाक अडवतात ती गोष्ट वेगळी, तिथे शॉक त्या थांब्याला आधी हळू करतो. आणि रेडियलला तर नाक फार वर जाणं तसंही मानवत नाही. तुमच्याकडे बायस-प्लाय स्लिक (तिरक्या धाग्यांचे, नक्षी नसलेले टायर) असते तर मी थोडा सैल हात ठेवला असता.

पण माझ्या लेखी निर्णय लॉन्चवर होतच नाही. तो शर्यतीच्या शेवटच्या रेषेपलीकडे, ब्रेकवर होतो. ०.८ जीने ब्रेक लावला की साधारण २४७ किलो पुढे येतात, म्हणजे चाकामागे १२४. अँटी-डाइव्ह (ब्रेकवर नाक कमी बसावं अशी आर्मची मांडणी) हिशोबातून सोडून दिला तर नाक ६.२५ वर ६५ मिमी बसेल, ४.५ वर ९१ मिमी. बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं तो रबरी अडसर) तुमच्याकडे ७० मिमी असेल तर पहिली जेमतेम मावते, दुसरी स्टॉपवर आपटते, तेही गाडी सगळ्यात जास्त वेगात असताना. जड गाडीवाले ६० फुटांच्या वेळेचं स्लिप बघून खूश होतात, ब्रेकिंगच्या पट्ट्यात गाडी कशी वागते याची चर्चा मात्र फार कमी ऐकू येते.

मोकळी (भार नसतानाची) लांबी विसरू नका, लोक रेट (किलो/मिमीचा आकडा) बघतात आणि इथेच फसतात. ७६४ किलो भाराला ६.२५ वाली १२२ मिमी दबते, ४.५ वाली १७० मिमी. बैठकांमधलं अंतर २६५ मिमी असेल तर पहिलीची मोकळी लांबी ३८७ मिमी हवी, दुसरीची ४३५. बंप स्टॉपला टेकताना वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत ना, हे तारेची जाडी आणि वेटोळ्यांची संख्या गुणून तपासा. लांबी जास्त झाली म्हणून कापू नका. आठ चालत्या वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग १४ टक्के ताठ होते, म्हणजे विकत घेतलेला रेट गेला. गॅसने तापवून बसवायचं तर नावच नको. आणि ही लांब स्प्रिंग बसवताना आतून चालणारा कंप्रेसर वापरा, शिवाय साखळी बांधा. सात-आठशे किलोची ताकद आर्ममधून सुटली तर हाड राहत नाही.

शॉकबद्दल थोडक्यात. जुना ९०/१० शॉक या वजनाला नको. तो नाक पटकन वर सोडतो, पण खाली येऊ देत नाही, आणि वेग वाढल्यावर वर राहिलेल्या नाकाखाली हवा शिरते. दोन्ही बाजूंनी ॲडजस्ट होणारे घ्या. रीबाउंड (शॉक ताणतानाचा विरोध) आधी मध्यावर ठेवा, मोबाइलवर बाजूने स्लो मोशन काढा. नाक टोकाला धडकताना दिसलं तर एक-एक क्लिक घट्ट करत जा. कम्प्रेशन (दबतानाचा विरोध) ब्रेकिंग बघून लावा.

पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) काढून काय फरक पडतो असंही विचारलं होतंत. दोन्ही चाकं एकदम वर-खाली होतात तेव्हा तो पीळच घेत नाही, त्यामुळे बुश मोकळे फिरत असतील तर राहू द्या. गाडी रस्त्यावरही चालवता ना?

ऑर्डर देण्याआधी चारही चाकांखाली काटे ठेवून, स्वतः हेल्मेट घालून आत बसून आणि टाकीत रेसइतकंच पेट्रोल ठेवून वजन करा. पुढचा आकडा ५५ ऐवजी ५२ टक्के निघाला तर स्प्रिंगवरचा भार ७२० च्या आसपास येईल. तेव्हा रेट हाच ठेवून मोकळी लांबी सात-एक मिमीने कमी मागा.