दहापैकी किती?

गेल्या अंकात वाचकांना एक विनंती केली होती: नुकत्याच पाहिलेल्या ॲनिमेला, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या सिनेमाला किंवा मालिकेला, दहापैकी गुण द्या आणि सोबत निदान एक तरी कारण लिहा. नुसते आकडे आलेली पत्रं बाजूला ठेवली आहेत. कारणासकट आलेल्यांपैकी ही काही.

प्रश्न (औसा, जि. लातूर): ‘सुझुमे’ पाहिला, 7 गुण दिले. चित्रं एक नंबर, पण सुझुमे आणि सोताचं प्रेम इतक्या घाईत जमतं की पटतच नाही. मित्र म्हणतो 10 द्यायला पाहिजेत. कोणाचं खरं?

उत्तर: प्रेमाबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. सोता शाळेच्या वाटेवर भेटतो काय, थोड्याच वेळात तीन पायांची खुर्ची होतो काय, आणि पुढचा बराचसा सिनेमा ती त्या खुर्चीमागे धावते. त्यासाठी एक गुण खुशाल कापा. पण माकोतो शिंकाई यांचा हा 2022 चा, 122 मिनिटांचा सिनेमा मुळात भूकंपाचा आहे. ओसाड जागांतली दारं उघडली की त्यांतून भूकंप बाहेर पडतो, आणि ती बंद करत सुझुमे जपानभर फिरते. तिचा प्रवास नकाशावर लावून पाहा. क्यूशूतलं ओस पडलेलं गरम झऱ्यांचं ठिकाण, एहिमेतली बंद शाळा, कोबेतलं मोडकं करमणूक उद्यान, मग तोक्यो, शेवटी ईशान्य जपान. कोबेचा भूकंप 1995 चा, तोक्योचा 1923 चा आणि ईशान्येचा 11 मार्च 2011 चा. प्रेमकथेला हा रस्ता लागत नाही.

दोन जागा पुन्हा पाहा. एक, लहानपणीची डायरी. रोज रंगीत चित्रं काढलेली, आणि 11 मार्चपासून पानांमागून पानं काळ्या रंगानं गिरवून टाकलेली. तिथे एक शब्द नाही, गरजही नाही. दुसरी जागा शेवटाकडची. दार बंद करताना त्या ठिकाणी कधीकाळी राहिलेल्या माणसांचे आवाज ऐकावे लागतात, आणि तिथे घरोघरचे लोक सकाळी बाहेर पडताना ‘इत्तेकिमासु’ म्हणताना ऐकू येतात. शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’. इंग्रजी सबटायटलला हे पेलत नाही. आपल्याकडे मात्र उंबरा ओलांडताना कोणी ‘जातो’ म्हणालं तर घरातलं माणूस लगेच टोकतं, ‘येतो म्हण’. ‘येते’ म्हणून निघालेली आणि न आलेली माणसं, एवढंच त्या दृश्यात आहे. किल्लारी तुमच्याच तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरताना काय झालं ते घरातल्या मोठ्यांना ठाऊक असेल. जुन्या गावठाणात उभं राहिल्यावर जे वाटतं, तेच शिंकाई त्या दारांशी उभं करतात. आमचे 8. तुमचे 7 चुकीचे नाहीत, पण ते प्रेमकथेला दिलेले गुण आहेत.

प्रश्न (नांदेड): ‘विनलँड सागा’च्या पहिल्या सीझनला 9. दुसरा सातव्या भागावर सोडला, 5 गुण. लढाया गायब, नुसती शेती. पुढे बघू का?

उत्तर: बघा, निदान नववा भाग होईपर्यंत थांबा. दोन्ही सीझन 24-24 भागांचे. पहिला 2019 मध्ये विट स्टुडिओनं केला, दुसरा 2023 मध्ये ‘मापा’ स्टुडिओनं, दिग्दर्शक मात्र तेच, शुहेई याबुता. म्हणजे संथपणा स्टुडिओ बदलल्यामुळे आलेला नाही, तो ठरवून आणलेला आहे. पहिल्या सीझनमध्ये सूडापायी माणसं मारत सुटलेला थॉर्फिन इथे डेन्मार्कमधल्या केटिलच्या शेतावर गुलाम आहे. जंगलाचा तुकडा साफ करायचा, गहू पेरायचा आणि त्याच्या पैशातून स्वतःला सोडवून घ्यायचं, असा सौदा.

आता त्या कामाकडे शेतकऱ्याच्या नजरेनं बघा. झाड तोडणं हा सोपा भाग. बुडखा मुळांसकट जमिनीतच राहतो, आणि तो निघत नाही तोवर नांगर चालत नाही. थॉर्फिन आणि त्याच्यासोबतचा गुलाम आयनार हातानं मुळं मोकळी करतात, रेटतात, बुडखा हलत नाही. घोडा पाहिजे, आणि गुलामांना घोडा कोण देणार? शेवटी म्हातारा स्वेर्केल देतो, तेही आपल्या रानातलं काम करून घेण्याच्या बोलीवर. आधी जनावर मागायला जावं लागणं, मग त्याच्या बदल्यात अंगमेहनत, हा व्यवहार आपल्याकडे सावडीच्या किंवा इर्जिकीच्या कामात कोणालाही ओळखीचा वाटेल. पुढे गहू तरारून वर येतो आणि एका रात्रीत चाकर मंडळी जळफळाटानं तो उपटून टाकतात. पहिल्या सीझनमध्ये शंभर माणसं पडली तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते उपटलेलं रोप लागतं, कारण तोवर त्या जमिनीत काय काय गेलंय ते आपण सात भाग पाहिलेलं असतं. लढाईही आहे, पण ती आता थॉर्फिनच्या आत चाललेली आहे. नवव्या भागात तो जे ठरवतो त्यावर पुढची सगळी कथा उभी आहे. आमचे 9.

प्रश्न (परभणी, कृषी शाखेची विद्यार्थिनी): ‘सिल्व्हर स्पून’ला मी 9 दिले, साइटवर आठाच्या आसपास दिसतात. त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि गुण द्यायची नीट पद्धत कोणती?

उत्तर: आधी आकडा कसा बनतो ते पाहू. मायॲनिमेलिस्ट या साइटवर गुण 1 ते 10 मध्ये देतात. तिथल्या पट्टीप्रमाणे 5 म्हणजे सर्वसाधारण, 7 म्हणजे चांगलं, 10 म्हणजे अजोड. मालिकेचा किमान पाचवा हिस्सा पाहिलेल्यांचेच गुण धरतात, त्यामुळे 24 भागांच्या मालिकेत पाच भाग पाहून सोडणाराही हिशेबात येतो. साधी सरासरी न काढता भारित सरासरी काढतात, म्हणजे मतं थोडी असली की आकडा एकूण सरासरीकडे ओढला जातो.

यात दोन गोष्टी फसवतात. प्रत्यक्षात लोक 5 ला नापास समजतात, म्हणून बहुतेक मालिका साडेसहा ते आठच्या पट्ट्यात गर्दी करतात आणि तिथला 7 म्हणजे खरं तर ‘बरी आहे’ एवढंच. आणि दुसऱ्या-तिसऱ्या सीझनचा आकडा पहिल्यापेक्षा बहुधा वरच असतो, कारण ज्यांना पहिला आवडला नाही ते पुढचा बघतच नाहीत, उरतात ते चाहते. चालू मालिकेचंही तसंच, पहिल्या दोन आठवड्यांत मतं देणारे मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, वाचकच जास्त.

पद्धत म्हणाल तर गुण मालिका संपल्याच्या दिवशी लिहा, आठवड्यानं पुन्हा लिहा, आणि दोन्हींत एकापेक्षा जास्त फरक पडला तर दुसरा धरा. शेवटचा भाग जोरदार असला की त्याच रात्री हात सैल सुटतो. सुरुवात 5 वरून करा आणि वर-खाली जाताना प्रत्येक गुणाला एक दृश्य जोडा. दृश्य आठवत नसेल तर गुण देऊ नका. ओपनिंगचं गाणं कितीही आवडलं तरी ते दीड मिनिटाचं आहे, मालिका नव्हे. अर्धवट सोडलेल्या मालिकेला आकडा न देता ‘अमुक भागावर सोडली’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला जास्त कळतं.

‘सिल्व्हर स्पून’ला तुमचे 9 आम्हाला पटतात. लेखिका हिरोमु आराकावा होक्काइदोच्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातल्या. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ही त्यांचंच. म्हणून कृषिशाळेतलं काम खोटं वाटत नाही. शहरातून आलेला हाचिकेन कोंबडीचं अंडं नेमकं कुठून बाहेर येतं ते बघून हबकतो, आणि तेच ताजं अंडं भातावर घेतल्यावर ताट चाटून पुसतो. डुकराच्या पिलाचं नाव ‘बुतादोन’, म्हणजे डुकराच्या मांसाचा भात, असं ठेवून त्याला वाढवणं आणि पुढे त्याचं जे होतं ते डोळे उघडे ठेवून बघणं, यापासून मालिका पळत नाही. 2013 चे 11 आणि 2014 चे 11 भाग, एवढीच आहे. 22 वर कथा मध्येच थांबते, एक गुण गेला असेल तर त्यासाठी.

प्रश्न (धाराशिव): ‘फ्रिरेन’चे तीन भाग पाहिले. काही घडतच नाही. 6.

उत्तर: तीन भागांवर निकाल द्यायचा नियम इथे चालत नाही. 29 सप्टेंबर 2023 ला जपानी टीव्हीवर पहिले चार भाग सलग, एका सिनेमासारखे दाखवले होते, तेव्हा चौथा बघूनच थांबा किंवा पुढे जा. आणि पडद्यावरची पाटी वाचत चला: ‘हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं’. सन नाही, राजाचं नाव नाही, काळ मोजायचा तो एका गेलेल्या सोबत्यापासून. आपल्याकडे जुनी माणसं ‘बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी’ म्हणतात, तसंच हे. जिवंतपणी ज्याला ओळखून घेतलं नाही, त्याच्याच मरणावरून फ्रिरेन वर्षं मोजते. जे घडायचं ते त्या पाट्यांमध्ये घडतंय.

प्रश्न (बीड): हिंदी डबमध्ये पाहिलेल्या मालिकेला गुण द्यावेत का? सबटायटल वाचण्यात चित्र सुटतं.

उत्तर: द्या, फक्त ‘डब’ असं शेजारी लिहा. डबमध्ये वाक्य पात्राच्या ओठांच्या हालचालीएवढंच लांब ठेवावं लागतं, त्यामुळे शब्द बदलतात, कधी अर्थही. मारामारीच्या मालिकेत फारसं बिघडत नाही. भाषेवर बेतलेली गंमत असेल तिथे बिघडतं. ‘युवर नेम’ (2016) मधला गच्चीवरचा प्रसंग घ्या. ताकीच्या शरीरात मित्सुहा आहे. ती मित्रांशी बोलताना स्वतःला ‘वाताशी’ म्हणते, ते चमकतात. ‘वाताकुशी’, अजून चमकतात. ‘बोकु’, तरी नाही. ‘ओरे’ म्हटल्यावर ते माना डोलावतात. चारही शब्दांचा अर्थ ‘मी’, पण पहिला त्याच्यासारख्या पोराच्या तोंडी नाजूक, दुसरा फारच अदबीचा, तिसरा सौम्य मुलाचा, चौथा रांगड्या पोराचा. इंग्रजीत सगळीकडे एकच ‘आय’. मराठीत ‘मी’ एकच असला तरी क्रियापद पकडून देतं: ‘मी उशिरा आले… आलो’. हिंदीतही तसंच करता येतं, म्हणून अशा ठिकाणी चांगला हिंदी डब इंग्रजी सबटायटलपेक्षा सरस ठरू शकतो. पहिला भाग दोन्ही प्रकारे बघून ठरवा. मोबाइलवर सबटायटलचा आकार सेटिंगमध्ये एक पायरी मोठा केला की नजर खाली कमी वेळ अडकते.

प्रश्न (जालना): नऊ वर्षांचा मुलगा शिनचॅन, डोरेमॉन बघतो. आता ‘डीमन स्लेअर’ मागतोय, वर्गातली मुलं बघतात म्हणे.

उत्तर: नको, ताई. पहिल्याच भागात जवळजवळ अख्खं कुटुंब मारलेलं दिसतं, बर्फावर रक्त. चित्रं गोंडस असली तरी ॲनिमे हा लहान मुलांचा प्रकार नाही. शिनचॅनसुद्धा 1990 मध्ये मोठ्यांच्या मांगा साप्ताहिकात सुरू झाला होता. ॲपवर मालिकेच्या नावाजवळ यू/ए 7+, 13+, 16+ किंवा ए असं लिहिलेलं असतं, ते आधी बघा. त्याच्या वयाला ‘माय नेबर तोतोरो’ (1988, 86 मिनिटं) लावून द्या. त्याच स्टुडिओचा म्हणून ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ मात्र लावू नका. जपानमध्ये हे दोन्ही एकाच तिकिटावर लागले होते, पण दुसऱ्यात युद्धात अनाथ झालेल्या भावंडांची उपासमार आहे. तो मोठ्यांनीही मन घट्ट करून बघायचा.

प्रश्न (हिंगोली): जपानी वेळापत्रकात ‘शनिवार 25:30’ असं दिसलं. चूक आहे का? आणि रात्री लाइट जाते, रोजच्या डेटात किती भाग बसतात?

उत्तर: चूक नाही. रात्री उशिराचे कार्यक्रम आदल्या दिवसात मोजायची तिथली रीत आहे. 25:30 म्हणजे शनिवारची मध्यरात्र उलटून रविवारी रात्री दीड वाजता. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणून आपल्याकडे शनिवारी रात्री 10. ॲपवर भाग त्यानंतर येतो.

डेटा बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो त्यावर ठरतो. 24 मिनिटांचा भाग 1 एमबीपीएसनं (सेकंदाला 1 मेगाबिट) पाहिला तर 180 एमबी, अडीचनं 450, पाचनं 900. रोजचे दीड जीबी असतील तर अडीचला तीन भाग बसतात. क्वालिटी ‘ऑटो’वर ठेवू नका, रेंज चांगली मिळाली की ती गुपचूप वर चढते आणि दुपारीच डेटा संपतो. लाइट असताना उतरवून ठेवा, पण ॲपमध्ये उतरवलेल्या भागांना मुदत असते, सुट्टीसाठी महिनाभर आधी साठवलेले ऐन वेळी उघडत नाहीत.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): ‘वन पंच मॅन’ पहिला सीझन 9, दुसरा 4. एवढा का घसरला?

उत्तर: 2015 चा पहिला मॅडहाउसनं केला, 2019 चा दुसरा जे.सी. स्टाफनं. पण खरा फरक स्टुडिओच्या पाटीचा नाही, माणसांचा आहे. ॲनिमेटर बरेचसे स्वतंत्रपणे काम करतात. पहिल्या वेळी दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांच्या शब्दाखातर नामांकित मंडळी जमली. दिग्दर्शक बदलला तशी ती पांगली. म्हणून नवा सीझन निवडताना स्टुडिओआधी दिग्दर्शकाचं नाव बघा.

फरक डोळ्यांनी तपासता येतो. सेकंदाला 24 फ्रेम असतात. साधारण एक चित्र तीन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. भरदार मारामारीत ती 12 किंवा 24 पर्यंत नेतात. दोन्ही सीझनमधलं एकेक भांडण संगणकावर फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून मोजा. चित्रं कमी म्हणून काम वाईट असं नसतं, पण दुसऱ्या सीझनमध्ये ठोसा बसण्याच्या नेमक्या क्षणी हालचालीऐवजी रेषा आणि चमक टाकून वेळ मारून नेलेली दिसेल. तरी 4 कमीच. गारोचं पात्र चांगलं लिहिलंय, त्याचा एक गुण त्याला द्या.