फुफ्फुस प्रत्यारोपणाला 5 महिने झालेत, बाबांच्या मानेत गाठ आली आहे. नागपुरात दाखवावं की चेन्नईच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबावं?
थांबू नका, नागपुरातच लगेच दाखवा आणि चेन्नईच्या टीमला आजच फोन करा. मी इथे पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीराने नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमससारख्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) बी-पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची, बेसुमार वाढ घडवू शकतो, कधी थेट लिम्फोमापर्यंत, म्हणजे या पेशींच्या कर्करोगापर्यंत. पहिल्या वर्षात धोका जास्त. दात्यात विषाणू होता आणि बाबांना पूर्वी संसर्ग झालेला नव्हता, तर सर्वाधिक. रक्तातला हा विषाणू मोजणाऱ्या ईबीव्ही पीसीआर चाचणीने अंदाज येतो, निदान मात्र बायोप्सीनेच. नुसत्या सुईने काढलेल्या नमुन्यावर भागवू नका, शक्य असेल तर अख्खी गाठ काढून तपासायला सांगा. अर्थात गाठ क्षयरोगाचीही असू शकते, तीही तपासणी सोबतच करा. आणि कृपया टॅक्रोलिमससारख्या गोळ्या स्वतःहून कमी करू नका: त्या कमी करणं हीच बहुधा उपचाराची पहिली पायरी असते, पण डॉक्टरांच्या देखरेखीविना केलं तर शरीर नवं फुफ्फुस नाकारू शकतं.