'छायाचित्र' उलटं भाषांतर आहे का?

प्रश्न असा आहे : ग्रीकमध्ये 'फोटो' म्हणजे प्रकाश आणि 'ग्राफी' म्हणजे लेखन. मग मराठीत 'छायाचित्र' कसं झालं? 'प्रकाशचित्र' नको का?

छाया म्हणजे फक्त सावली, असं धरलं तर हे उलटं वाटणारच. पण संस्कृतात छायेला कांती आणि प्रतिबिंब हेही अर्थ आहेत. पुराणातली सूर्याची पत्नी संज्ञा त्याचं तेज सोसवेना म्हणून निघून जाते, तेव्हा स्वतःच्या जागी हुबेहूब आपल्यासारखी दिसणारी स्त्री ठेवते. तिचं नाव छाया. (सूर्याला बराच काळ पत्ता लागत नाही!) संस्कृत नाटकांच्या छापील आवृत्त्यांत प्राकृत संवादांचं संस्कृत रूप देतात, त्यालाही 'छाया'च म्हणतात. म्हणजे मुळाबरहुकूम उतरलेलं दुसरं रूप ते छाया. 'छायाप्रत' म्हणतानाही सावली कुठे आठवते?

बरं, सावली हाच अर्थ घेतला तरी बिघडत नाही. फोटोग्राफीच्या आरंभीचे इंग्रज संशोधक टॅलबट यांनी १८३०च्या दशकात रसायन लावलेल्या कागदावर पानं, लेस ठेवून उन्हात धरली. ऊन लागलं तिथे कागद काळा पडला, सावली होती तिथे पांढरा राहिला. त्यांनीही आधी या कृतीला सावलीच्या ग्रीक शब्दावरूनच नाव दिलं होतं : 'स्कियाग्राफी'. 'फोटोग्राफी' हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८३९ मध्ये मांडला आणि तोच टिकला. तेव्हा 'प्रकाशचित्र' चूक नाही, काही जण आवर्जून वापरतातही. पण 'छायाचित्र' सुधारण्यासाठी त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

बोलताना अर्थात आपण 'फोटो'च म्हणतो. देवाच्या छापील चित्रालाही फोटोच म्हणतो, मग ते कॅमेऱ्याने काढलेलं असो वा कुंचल्याने.

क्रियापदांत मात्र मजा आहे. 'भिंतीवरचा फोटो काढला' म्हणजे उतरवला की कॅमेऱ्यात घेतला, हे संदर्भावरूनच कळतं. 'टिपणे' जास्त नेमकं आहे. पाखरू दाणा टिपतं तशी क्षणाची चपळाई त्यात आहे. म्हणून झेपावणारी घार टिपतात. ओळखपत्रासाठीचा फोटो कुणी टिपत नाही, तो काढायचाच असतो.